लॉन दरवर्षी त्याच महिन्यात का बिघडतं? घाटमाथ्यावरच्या बागांसाठी कामांच्या वेळा

तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने येते. जूनअखेर लॉन हिरवंगार होतं. जुलैच्या मध्यावर पिवळट पडायला लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मधेच वाळकी ठिगळं दिसतात आणि मोकळ्या जागेत लव्हाळा माजतो. डिसेंबरात सगळंच मळकट होतं, मग जानेवारीत गवत खरवडून त्यावर लाल माती आणि शेणखत पसरलं जातं. मार्चमध्ये थोडं सावरतं, मे महिन्यात करपतं आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. खत बदलून झालेलं असतं, माळी बदलून झालेला असतो, काहींनी तर अख्खं लॉन उखडून नवं लावलेलं असतं. तरी दोन वर्षांत गाडी तिथेच येते.

सोसायट्यांच्या बागा आणि बंगल्यांची अंगणं पाहत आलो, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की यातल्या बहुतेक ठिकाणी कमी कशाचीच नसते. कामंही सगळी होत असतात, पण चुकीच्या महिन्यात. त्यामुळे खाली औषधांची यादी कमी आणि तारखा जास्त आहेत. हे सगळं पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातल्या काळ्या किंवा मुरूममिश्रित जमिनीसाठी आहे. कोकण आणि विदर्भाचं शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

आधी गवताचं वर्ष समजून घ्या

आपल्याकडे लॉनमध्ये साधारण दोन प्रकारची गवतं असतात. एक हरळीच्या जातीतली, म्हणजे आपली दूर्वाच. नर्सरीत ती ‘सिलेक्शन वन’ किंवा ‘बर्म्युडा’ म्हणून मिळते. दुसरं ते बारीक, मऊ, उंचवटे धरणारं गवत, ज्याला कुणी कोरियन म्हणतं, कुणी मेक्सिकन. दोन्ही उष्ण हवामानातली. पारा २५ ते ३५ अंशांत असला आणि जमिनीत ओल असली की ती जोमात धावतात. रात्री १०-१२ अंशांवर उतरल्या की वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे घाटमाथ्यावर या गवताचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि ऑक्टोबरअखेर मावळायला लागतं. फेब्रुवारीच्या शेवटापासून त्याला पुन्हा थोडी जाग येते.

घोळ इथेच होतो. इंटरनेटवरचे बरेचसे लॉनचे व्हिडिओ अमेरिकेच्या उत्तर भागातले किंवा ब्रिटनमधले असतात. तिथली गवतं थंडीची, त्यांना उन्हाळ्यात त्रास होतो आणि सप्टेंबरपासून ती तरारतात. म्हणून तिथे बी टाकणं, खरवडणं, खत घालणं ही मोठी कामं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करतात. न्यू जर्सीतल्या तुमच्या भावाला तो सल्ला बरोबर लागू पडेल. तोच सल्ला औंधात किंवा नाशिकच्या गंगापूर रोडला वापरला, तर गवत झोपायच्या तयारीत असताना आपण त्याला उठवून कामाला लावतो.

वेळा लक्षात ठेवायच्या तर सणांवर ठेवू नका. ‘गणपती झाले की खत’ असा हिशेब बरेच जण धरतात, पण अधिक मासामुळे सण पुढेमागे सरकतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला येते. नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात, त्यांची तारीख दरवर्षी फार तर एखाद्या दिवसाने हलते. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, उत्तरा १३-१४ सप्टेंबरला, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास, चित्रा १०-११ ऑक्टोबरला. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या यावर पेरणीचा अंदाज बांधत आले, लॉनलाही ते चपखल बसतं.

जुलैत पिवळं पडतं

खत टाकण्याआधी एक काडी उपटून नीट बघा. खालची, जुनी पानं पिवळी आणि वरची हिरवी असतील तर नत्र कमी पडलं आहे. पावसाने ते वाहून किंवा खाली झिरपून जातं. उलट टोकाची कोवळी पानं पिवळी आणि त्यावर हिरव्या बारीक रेघा दिसत असतील तर तो लोहाचा तुटवडा आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण मुळांना घेता येत नाही, आणि जमीन सतत ओली राहिली की आणखीनच अडतं. जुलैत पिवळ्या पडलेल्या लॉनमध्ये मला बहुतेक वेळा हेच दिसतं. तरी बहुतेक लोक त्यावर युरिया मारतात. पाऊस चालू असताना दिलेला तो युरिया निम्मा गटारात जातो आणि उरलेल्याने पानं लुसलुशीत होऊन बुरशीला आयती मेजवानी मिळते.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) वापरा. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात ग्रॅमभर सायट्रिक अॅसिड, आणि पावसाने दिवसभराची उघडीप दिली की संध्याकाळी फवारा. चार-पाच दिवसांत रंग बदललेला दिसतो. गरज वाटली तर पंधरा दिवसांनी परत. फरशीवर, शहाबादीवर किंवा भिंतीच्या रंगावर थेंब पडू देऊ नका, गंजाचे तांबडे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. आधी कडेने पाणी मारून ठेवलं तर बरं.

काडी उपटताना मुळं तपकिरी, कुजकी निघाली आणि त्यांना गाळासारखा वास आला, तर हिराकसनेही फार फरक पडणार नाही. तिथे पाणी साचतंय. हे काम जुलैत होत नाही, ते मे महिन्याचं आहे: चर काढणं, उतार देणं, कडेच्या फरशीपेक्षा खाली गेलेली जमीन उचलणं. जुलैत एवढंच करता येतं की त्या भागावर चालणं आणि मशिन फिरवणं बंद ठेवायचं. ओल्या काळ्या मातीवर मशिनचं एक चाक फिरलं तरी ती दाबली जाऊन विटेसारखी होते.

गोल चट्टे पडत असतील आणि पहाटे त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसत असतील तर ती बुरशी आहे. नत्र बंद, संध्याकाळी पाणी बंद, कापलेलं गवत उचलून बागेबाहेर. एवढ्यावर बऱ्याचदा आटोक्यात येते.

मग नत्र द्यायचं कधी? वर्षातले माझे दोन मुख्य हप्ते ठरलेले आहेत. पहिला आर्द्राच्या आधी, मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली आणि वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की. दुसरा उत्तरा लागल्यावर, पावसाचा जोर ओसरला की. हरळीच्या लॉनला १००० चौरस फुटांना १ किलो युरिया एका वेळेला पुरतो, कोरियनला त्याच्या निम्मा. पानं कोरडी असताना फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं, नाहीतर पानं भाजतात.

ऑगस्टनंतर वाळकी ठिगळं पडतात

पाऊस चालू आहे, पाण्याची ददात नाही, तरी एक वाव-दीड वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) घेराचा भाग वाळतोय. हाताने गवत ओढलं तर सतरंजीसारखं उचललं जातं, कारण खाली मुळंच उरलेली नाहीत. साळुंक्या आणि बगळे रोज सकाळी नेमके तिथेच टोचत बसलेले असतात. तिथे फूटभर लांब-रुंद चौकोन कापून चार बोटं खोल उकरा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी निघेल. ही हुमणी. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकांना हिची ओळख करून द्यायला नको.

हुमणीचं सगळं गणित वेळेचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीत दडलेले तपकिरी भुंगेरे संध्याकाळी, अंधार पडता पडता बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. तिथे पानं खातात, मिलन होतं, आणि मादी पहाटे पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालते. एक मादी ५०-६० अंडी घालू शकते. दोनेक आठवड्यांत अळ्या निघतात. सुरुवातीला त्या इवल्याशा असतात, कुजका पालापाचोळा खातात, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. ऑगस्टपासून त्या मोठ्या होतात आणि मुळांवर तुटून पडतात. ठिगळ दिसतं ते सप्टेंबरात. तेव्हा अळी अंगठ्याएवढी जाड झालेली असते आणि औषधाला दाद देत नाही. लोक नेमकं तेव्हा औषध ओततात. पुढे ती खोल जाऊन कोष करते आणि पुढच्या वळवाला भुंगेरा होऊन वर येते. वर्षाला एक पिढी.

म्हणजे तुमच्या हातात दोनच खिडक्या आहेत. पहिली, वळवानंतरच्या तीन-चार संध्याकाळी. साडेसातच्या सुमारास बागेतल्या आणि कुंपणालगतच्या कडुनिंबाच्या फांद्या खाली चादर धरून हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. एखादा दिवा आणि खाली पाण्याचं घमेलं ठेवलं तरी बरेच सापडतात. सोसायटीतली पोरं हे काम आनंदाने करतात. एकट्या बंगल्याने करून भागत नाही, शेजारच्या दोन-चार घरांनी मिळून केलं तर पुढच्या वर्षीच फरक दिसतो. दुसरी खिडकी जुलै. अळ्या लहान असतात, जमीन ओली असते. मेटारायझियम ही मित्रबुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावरच्या प्रमाणात, चाळलेल्या गांडूळखतात मिसळून, ढगाळ संध्याकाळी सारखी पसरायची आणि पाणी द्यायचं. तिला ओल हवी आणि ऊन नको, म्हणून पावसाळ्यातच ती कामाला येते. त्याच्या आगेमागे महिनाभर बुरशीनाशक वापरू नका, नाहीतर पैसे गेले.

ऑक्टोबरात ठिगळ दिसलंच तर? उकरून अळ्या वेचा, माती मोकळी करा, आणि महिना संपायच्या आत बाजूच्या गवताच्या मुळासकट काड्या तिथे टोचा. नोव्हेंबर उजाडला असेल तर जागा तशीच सोडा. थंडीत लावलेली काडी जगली तरी पसरत नाही.

जाता जाता एक. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीची अंडी-अळ्या थेट लॉनमध्ये येतात. उकिरड्यावरून आणलेलं खत चाळल्याशिवाय आत घेऊच नका.

ऑक्टोबर हीटमध्ये करपतं

पावसाळाभर पाणी वरच असतं, त्यामुळे मुळं खोल जायचे कष्ट घेत नाहीत, वरच्या दोन बोटांत पसरतात. हस्ताचा पाऊस थांबतो, आकाश स्वच्छ होतं, पारा ३२-३३ वर जातो. नुकताच तर पावसाळा संपला म्हणून नळी अजून अडगळीत पडलेली असते. आठ-दहा दिवसांत वरचा थर वाळतो आणि लॉन कोलमडतं.

चित्रा लागली की रोज सकाळी स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसून बघा. बोटभर सहज गेला पण पुढे अडला, तर पाणी द्यायची वेळ झाली. रोज दहा मिनिटं शिंपडू नका, त्याने मुळं आणखी वर येतात. आठवड्यातून दोनदा, पण सावकाश आणि भरपूर. आठवड्याला एकूण इंचभर पाणी म्हणजे १००० चौरस फुटांना सुमारे २३०० लिटर. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर तीन-चार रिकामे डबे ठेवून किती वेळात किती भरतात ते एकदा मोजा, मग वर्षभर अंदाज लागतो.

याच दिवसांत, जमीन वाफशावर असताना, लॉन टोचून घ्यायचं. काट्याचं फावडं किंवा पहार तीन-चार इंच खोल घालून हलवायची, वीतभर अंतरावर. भोकात चाळलेली वाळू आणि गांडूळखत झाडून टाका. पावसाने आणि चपलांनी दाबलेली काळी माती मोकळी होते, आणि त्यानंतर दिलेलं पाणी खाली उतरतं.

लव्हाळा दरवर्षी दुप्पट का होतो

कारण आपण तो पावसात उपटतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या असतात. वरची पात उपटली की दोरा तुटतो, आणि इतके दिवस झोपलेल्या गाठी फुटतात. एकाचे चार होतात. जुलैत तासन्‌तास बसून खुरपणाऱ्या बायकांच्या कष्टांचा उलटा परिणाम होतो, हे बघून वाईट वाटतं.

लव्हाळ्याचा महिना एप्रिल-मे. गाठी उन्हात सुकल्या की मरतात, ओलीत वर्षानुवर्षं जगतात. जिथे लव्हाळाच जास्त आणि गवत कमी उरलं आहे तो भाग सरळ सोडून द्या. पाणी बंद करा. कुदळीने फूटभर खोल खणून ढेकळं उलटी करा, पंधरा दिवसांनी पुन्हा उलटवा, दिसतील त्या गाठी वेचून जाळा. शेतकरी नांगरट करून जमीन तापू देतो तेच हे. मृगापर्यंत तो तुकडा रिकामाच राहू द्या. पावसानंतर जे थोडे कोंब येतील ते तीन-चार पानांवर असतानाच खुरप्याने गाठीसकट काढा. पाच पानांपुढे गेला की खाली नवी गाठ धरायला लागतो.

चांगल्या गवतात विखुरलेला असेल तर उसात लव्हाळ्यासाठी वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक हरळीला फारसं न दुखवता काम करतं. तेही जूनअखेर-जुलैत, लव्हाळा जोमात आणि कोवळा असताना, कृषी सेवा केंद्रात प्रमाण विचारूनच. फुलोरा आल्यावर, ऑक्टोबरात मारून उपयोग नाही.

आणि ती जानेवारीतली माती

हा प्रकार इतका रुजला आहे की कुणी प्रश्नच विचारत नाही. हिवाळ्यात लॉन वाईट दिसतं, जमीन कोरडी असते, ट्रॉली आत येऊ शकते, माळ्यालाही इतर कामं कमी असतात. म्हणून तेव्हा माती येते. हिशेब करा. माती ब्रासवर मिळते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १००० चौरस फुटांवर एक ब्रास पसरली की सव्वा इंचाचा थर होतो. वाढ थांबलेलं गवत त्याखालून वर येणार कसं? ते गुदमरतं. त्यात ती लाल माती कुठून खणली ते माहीत नसतं, तिच्यासोबत लव्हाळ्याच्या गाठी घरपोच येतात. काळ्यावर लाल असे थर साचून पाणी मधेच अडतं, आणि जुलैतला पिवळेपणा इथे जन्माला येतो.

डिसेंबर-जानेवारीत लॉनला विश्रांती द्या. आठ-दहा दिवसांनी एक पाणी, गरजेपुरती कापणी, पडलेला पाला उचलणं, बस. रंग उडाला म्हणून घाबरून युरिया देऊ नका, मुळं तो घेत नाहीत. मशिनच्या पात्यांना धार लावून घ्यायला हे दिवस उत्तम.

खरवडणं आणि वर थर देणं हे काम मृगात करा. फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा हीसुद्धा चालणारी वेळ आहे, पण पुढचे तीन महिने पाणी मिळेल याची खात्री असेल तरच. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांनी मार्चच्या वाटेला जाऊ नये. थर अर्धा सेंटिमीटर, त्याहून जाड नको. तेवढ्यासाठी १००० चौरस फुटांना तीसेक घमेली पुरतात. निम्मी चाळलेली वाळू, निम्मं पूर्ण कुजलेलं खत. पसरून झाल्यावर दाताळ्याच्या पाठीने ओढा, गवताच्या पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत.

कापणीच्या वेळाही ऋतूनुसार बदलतात. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कधीच नाही. सलग झड लागून गवत वाढलं तर दोन टप्प्यांत खाली आणा. एकदम भादरलं की खालचे पिवळे दांडे उघडे पडतात आणि महिनाभर तसेच राहतात. कोरियनमध्ये तर हमखास. एप्रिल-मेमध्ये मशिन एक खाच वर ठेवा, दीड-दोन इंच गवत राहिलं की जमिनीला सावली मिळते आणि पाणी कमी लागतं.

बाकीच्या बागेचं

गुलाबाची छाटणी चित्रा लागल्यावर, पाऊस पुरता थांबला की. सप्टेंबरात घाई केली तर पावसाने कापांवर काळी मर चढते. दीड महिन्यात फुलं येतात, म्हणजे डिसेंबर साधतो. मोगऱ्याचं उलट: पाणी तोडून जानेवारीत छाटा, मग मार्चपासून कळ्या. जून-जुलैत मोगरा छाटला की नुसता पाला वाढतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण उन्हं तापली की येतो, त्यामुळे फेब्रुवारीतच फांद्या तपासायला लागा.

कोकण, विदर्भ

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची आम्लधर्मी जमीन आहे, तिथे लोहाची वानवा नसते. पिवळेपणा दिसला तर नत्र वाहून गेलेलं असतं किंवा झाडांची सावली दाट असते. हिराकस तिथे देऊ नका, ऑगस्टअखेरीपासून थोडं थोडं नत्र द्या. थंडी फारशी पडत नसल्याने जानेवारीतही गवत हळूहळू वाढत राहतं, त्यामुळे वर लिहिलेला हिवाळ्याचा नियम तिथे तितका कडक नाही. नागपूरकडे थंडीही कडक आणि मे महिन्यात पारा ४५ पर्यंत, म्हणून तिथे मार्चमध्ये खरवडणं टाळाच, सगळी मोठी कामं जून-जुलैत उरका.

वेळा पाळूनही बिघडत असेल तर

वर्षभर हे सगळं वेळेवर करूनही एकाच जागी गवत मरत असेल, तर खाली काय आहे ते बघा. नव्या सोसायट्यांत बरीच लॉनं पार्किंगच्या स्लॅबवर असतात, माती जेमतेम फूटभर. तिथे पाणी निघायची भोकं मातीने किंवा मुळांनी बुजलेली असतात. बंगल्यात बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो, सिमेंटच्या गिलाव्यावर काहीच रुजत नाही. पहार मारून पाहिली की ठण्णकन आवाज येतो आणि उत्तर मिळतं. ती जागा मे महिन्यात उकरून साफ करा, स्लॅब असेल तर भोकं मोकळी करून त्यावर खडी आणि जाळी टाका, मगच माती भरा. तिथे दिवसातून चार तासही थेट ऊन येत नसेल, तर हरळीचा हट्ट सोडून सावलीतलं रुंद पानाचं गवत किंवा भुईसरपट झाडं लावा, मृगात.